सहावीत बसणारे गजभिये सर

गजभिये सर पाठ बघायला आले, की सहावीत बसत.

वर्गाच्या मागे खुर्ची टाकून बसत, असं नव्हे. ते सहावीत बसत. पोरांच्या मधोमध, बाकावर, गुडघे पार हनुवटीपर्यंत दुमडून. पन्नाशी ओलांडलेला माणूस, राखाडी सफारी, डोक्यावर मोजके केस, जाड भिंगाचा चष्मा. शेजारच्या पोराला कोपरानं ढोसून म्हणत, "सरक ना बे, मले जागा दे." आणि तो पोरगा मुकाट्यानं सरकत असे.

आम्ही भंडाऱ्याच्या एका कॉलेजात बी.एड. करत होतो. सर आम्हाला इंग्रजीची अध्यापन पद्धती शिकवायचे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. कॉलेजच्या भूगोलाच्या खोलीतला जिल्ह्याचा नकाशा अजून अखंडच होता. भूगोलवाले पाठाला तो नेताना नको असलेला भाग मागे दुमडून टाचण्या लावत, आणि पाठाच्या ऐन मध्यात टाचणी निसटून गोंदिया परत भंडाऱ्याला येऊन मिळे. अशा कॉलेजात इंग्रजी मेथडला आम्ही मूठभर जण. मी पवनीची, नुकतीच इंग्रजीत एम.ए. झालेली, म्हणजे आपल्याला सगळं येतं या वयातली.

हा गैरसमज सरांच्या पहिल्याच तासाला हलला. त्यांचं इंग्रजी ऐकत राहावं असं होतं. प्रत्येक वाक्य सुरू झालं की संपे, मध्ये कुठं अडखळणं नाही, कुठं "म्हणजे" नाही. एकेक व्यंजन पुसून लख्ख केलेलं. आम्हाला वाटे, हा माणूस नक्की कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कॉन्व्हेंटात शिकला असणार. आम्हाला ते "टीचर" म्हणत. नाव कोणाचंच घेत नसत. "टीचर, तुमचा खडू ओरडतो आहे. त्याला तिरपा धरा." "टीचर, फळ्याशी काय बोलता? त्याला इंग्रजी येतं."

एकदा आमच्यातल्या एकानं पोरं 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणतात यावर विनोद केला. सर हसले नाहीत. म्हणाले, "जिभेला एकदम एवढी उंच उडी जमत नाही, म्हणून तिनं स्वतःसाठी एक पायरी टाकली. पायरी मोडू नका. पोराला तिच्यावरून चढू द्या. वर पोचला की तोच काढून टाकेल." दोन वर्षं मी ध्वनिशास्त्राचे पेपर लिहिले होते. त्या पेपरांत ही पायरी मला कुठं दिसली नव्हती.

आमचे सराव पाठ शहापूरच्या एका शाळेत असत. शाळा हायवेला लागून. ट्रक गेला की खिडक्यांसकट व्याकरण थरथरे. माझा पहिला पाठ चालू वर्तमानकाळावर होता. मी मोठ्या हौसेनं तक्ता रंगवला होता. चुलीपुढे बसलेली बाई आणि खाली वळणदार अक्षरात 'शी इज कुकिंग'. पाठाच्या टाचणात उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, सगळं जागच्या जागी. तक्ता टांगला, छडी टेकवली आणि म्हटलं, "शी इज कुकिंग."

मधल्या बाकावरून सफारीचा हात वर झाला.

"म्याडम, कोन?"

"ही बाई."

"कुठं शिजवून राहिली? चित्र आहे थे."

वर्ग हसला. मी म्हटलं, समजा, ती भात शिजवते आहे. सर उभे राहिले, तक्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "मंग वाफ काहून नाई जी?"

वाफ मी काढली नव्हती. त्यापुढचा माझा पाठ आठवू नये असाच झाला. तास संपल्यावर सर बाकातून उठले, पँटची धूळ झटकली आणि क्षणात प्राध्यापक झाले. "टीचर, वॉक," म्हणाले. पाठावरचं बोलणं ते नेहमी मैदानावर चालता चालता करत.

"तो मुलगा खोडकर नव्हता," ते म्हणाले. 'तो मुलगा' म्हणजे ते स्वतः. "त्याला काम घडताना बघायचं होतं. तुम्ही त्याला चित्र दाखवलंत. आणि त्याला चालू काळ शिकवायला कशाला निघालात? तो घरून घेऊनच येतो. 'मी जाऊन राहिलो.' आय ॲम गोइंग. जाऊन, राहिलो. दोन्ही तुकडे त्याच्याजवळ तयार आहेत. इथे त्याची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा इंग्रजीला जवळची आहे. तुम्ही पवनीच्या ना?"

मी पवनीचीच. 'करून राहिले' म्हणतच मोठी झाले आणि कॉलेजात तेवढंच एक तोंडातून निसटू नये म्हणून जपत होते. पुढच्या पाठाला तक्ता नेलाच नाही. पोरांना एकेक काम करायला लावलं आणि विचारलं, "काय करून राहिला? इंग्रजीत सांग." वर्ग नुसता उसळला. कोणी उड्या मारत होतं, कोणी झाडत होतं. सरांनी खिशातून पेरू काढून कचकन चावा घेतला आणि भरल्या तोंडानं ओरडले, "आय ॲम ईटिंग, म्याडम." त्या दिवशी मैदानावर ते एवढंच म्हणाले, "आज त्याला मजा आली."

हळूहळू आमच्या लक्षात आलं, की सर रोज वेगळं पोर होऊन येतात. ज्याच्या शिकवण्यात जी खोट असेल, ती बरोबर पकडणारं पोर. भरभर बोलणाऱ्याला हळू लिहिणारं पोर भेटे. त्याची पेन्सिलच तुटलेली असे. नुसतं हुशार पोरांकडे बघून शिकवणाऱ्याला खिडकीबाहेर ट्रक मोजणारं पोर भेटे. बोली अशी अस्सल, की आम्ही म्हणत असू, सर कॉलेजात अडकले नसते तर झाडीपट्टीच्या नाटकांनी त्यांना उचलून नेलं असतं.

खऱ्या पोरांना त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. मधल्या सुट्टीत ती त्यांना वाकून "नमस्ते सर" म्हणत, आणि घंटा झाली की "ए मोठ्या, तिकडं बस." एका मुलीनं तर सरांचा गृहपाठ झाला नाही म्हणून आपली वही त्यांच्यापुढे सरकवली होती. शाळेचे हेडमास्तर एकदा गोंधळ ऐकून वर्गात डोकावले, तर पोरांबरोबर सरही उभे राहिले आणि लांबलचक सुरात "गुड मॉर्निंग, स्सर" म्हणाले. हेडमास्तरही सवयीनं "सिट डाउन" म्हणून गेले. व्हरांड्यात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते परत आले, सरांकडे बघितलं आणि निघून गेले.

आमच्यात दिलीप नावाचा एक होता. तुमसरचा. दिसायला रुबाबदार, इंग्रजी सुसाट, आणि दर दोन वाक्यांनंतर "अंडरस्टँड?" विचारायची सवय. त्याच्या पाठाला सर फार गुणी बाळ झाले. प्रत्येक "अंडरस्टँड?"ला सगळ्यांत मोठ्यानं "यस्सर." दिलीप खूश. शेवटी त्यानं त्याच गुणी बाळाला उभं करून उताऱ्याचा अर्थ विचारला. सर प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "यस्सर." दिलीपनं पुन्हा विचारलं. "यस्सर." मग दुसऱ्याला विचारलं, तोही "यस्सर." मैदानावर सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टीचर, तुम्ही अख्खा तास 'कळलं का' विचारलंत. पोरांनी अख्खा तास तुमच्यावर दया केली."

दिवाळीनंतर मात्र सरांनी एक नवं पोर आणलं, आणि आमची हसायची सोय संपली.

हे पोर भिंतीला टेकून बसे. मान खाली, हात मांडीखाली. काही विचारलं तर उत्तर नाही. हसणं नाही, रडणं नाही, खोडी नाही. नुसतं गप्प. पहिल्या दिवशी दिलीपनं विचारलं, थोडं थांबला, पुढच्या पोराकडे वळला. मीही तेच केलं. ज्याची पाळी आली त्यानं तेच केलं. मैदानावर सर प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "आज वर्गात एक विद्यार्थी गैरहजर होता." आम्ही म्हणायचो, "नाही सर, सगळे होते." ते म्हणत, "पुन्हा मोजा."

मग आम्ही हट्टाला पेटलो. मी गोडीनं बोलले, पाठ थोपटली, "ट्राय, ट्राय" म्हटलं. एकानं चॉकलेट दिलं. ते सरांनी घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं. तास संपेपर्यंत ते वितळून सफारीच्या बाहीपर्यंत आलं, पण तोंड उघडलं नाही. दिलीप रागावला, उभं राहायला लावलं. सर उभे राहिले आणि उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती पाहून दिलीपच ओशाळला आणि "बस बाबा" म्हणाला.

वार्षिक पाठ जवळ आले. सरांनी जाहीर केलं, की हे पोर तुमच्यापैकी एकाशी तरी बोलल्याशिवाय मी कोणाच्याच सराव पाठावर 'समाधानकारक' लिहिणार नाही. ते लिहिल्याशिवाय वार्षिक पाठाला बसता येत नसे. म्हणजे वर्ष वाया. आम्ही प्राचार्यांकडे धावलो. प्राचार्य सज्जन आणि घाबरट होते. आमच्यासमोरच त्यांनी सरांना विनवलं, "गजभिये, पोरांचं वर्ष आहे हो. तुम्ही निदान खुर्चीवर बसून तरी गप्प राहा."

सर नम्रपणे म्हणाले, "सर, खुर्चीवरच्या माणसाच्या गप्प बसण्याला सगळे घाबरतात. बाकावरच्याकडे कोणी बघत नाही. मला ते शिकवायचं आहे."

आता पाठ व्हायची एकटी सुनंदा राहिली होती. सुनंदा मडावी, आंबागडची. किल्ल्याखालच्या गावातून आलेली, जंगलात तेंदूपत्ता तोडून सुट्ट्या काढलेली, अंगानं बारीक आणि वर्गात कधीच न बोलणारी. तिचं इंग्रजी आमच्यात सगळ्यांत कच्चं होतं. ती वाक्य मनात पूर्ण जुळवून मगच तोंड उघडे, तोवर प्रश्न पुढे गेलेला असे. तिनं मराठी मेथड घ्यावी, असं तिला बहुतेकांचं सुचवून झालं होतं. तिच्यावर आमचं वर्ष अवलंबून आहे म्हटल्यावर दिलीपनं कपाळाला हात लावला.

तिचा पाठ आम्ही सगळे मागे उभं राहून बघत होतो. गावातल्या बोडीवरचा एक साधा उतारा तिनं घेतला. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताजवळचं छोटं तळं. उतारा वाचला, दोन-चार जणांना सोपे प्रश्न विचारले आणि मग भिंतीकडच्या पोरापाशी आली. "हू केम टु द पाँड?" सर गप्प.

ती पुढच्याकडे वळली नाही. वर्गाला म्हणाली, "आपापल्या वहीत बोडीचं चित्र काढा." वर्ग कामाला लागला. मग ती सरांच्या शेजारी, त्या बाकावर जाऊन बसली. टाचण बाजूला ठेवलं.

"बाबू, घरी कोन कोन आहे?" तिनं विचारलं.

बावीस-तेवीस वर्षांची ती पोरगी पन्नाशीच्या प्राध्यापकाला बाबू म्हणत होती आणि कोणालाही हसू आलं नाही. सरांनी मान वर केली नाही.

"मी बी बोलो नाई," ती हळूच म्हणाली. "शाळेत मले भल्ली भेव लागे. आमच्या बाईले वाटे, मी मुकीच हाव." मग ती नुसती बसून राहिली. परत विचारलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. बाहेरून ट्रक गेले. एका पोरानं चित्र दाखवायला आणलं, तिनं त्याला हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मोठ्यानं नोको बोलू. माह्या कानात सांग." आणि तिनं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

तिनं तो तसाच धरून ठेवला. आणि मग सरांचे ओठ हलले.

सुनंदा उठली. फळ्यापाशी गेली. वर्गाकडे बघून म्हणाली, "ही इज राइट." आणि उत्तर फळ्यावर लिहिलं, 'द काउज केम टु द पाँड.' वर्गानं ते मोठ्यानं वाचलं. सर बाकातून उठले, चष्मा काढला आणि मैदानातल्या हापशीवर जाऊन तोंड धुऊ लागले. खूप वेळ धूत होते.

आम्ही सुनंदाला घेरलं. सर काय म्हणाले? त्यांनी खरंच उत्तर सांगितलं?

"नाई," ती म्हणाली. "उत्तर नाई सांगतलं. म्हणे, मले येते जी, पन भेव लागते."

"मग तू बरोबर आहे म्हणून कसं सांगितलंस?"

"बरोबरच तं होतं," सुनंदा म्हणाली.

त्या दिवशी सर कोणालाच "वॉक" म्हणाले नाहीत. व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि आम्हालाही बसवलं. दिलीपनंच धीर करून विचारलं, "सर, हा पोरगा तुम्ही कुठं पाहिला?"

"पवनीत," सर म्हणाले. "सहावीत. आमचं गाव पवनीच्या पुढं. वडील दुसऱ्याच्या धानात राबायचे. बाबासाहेबांचं नाव घेऊन त्यांनी मला शाळेत घातलं. बोरकर गुरुजी इंग्रजी शिकवायचे. चांगले होते. कधी मारलं नाही, कधी टाकून बोलले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, मी बोललो नाही. मग आणखी एकदा विचारलं. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. वर्षभर ओळीनं विचारत यायचे, माझ्यापाशी आले की पुढच्याकडे जायचे. त्यांना वाटलं, पोराला कशाला लाजवा. मला सगळी उत्तरं येत होती."

एवढं बोलून ते उठले. ज्या इंग्रजीला आम्ही कॉन्व्हेंटचं समजत होतो, ते या माणसानं कुठून नि कसं मिळवलं असेल, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. आमच्या सगळ्यांच्या पाठांवर 'समाधानकारक' आलं. सुनंदानं इंग्रजीच मेथड ठेवली.

परीक्षा झाल्यावर मी पवनीला घरी आले. एका रविवारी सकाळी वैनगंगेच्या बाजूच्या गल्लीतून भाजी घेऊन येत होते, तर एका ओसरीवर ओळखीची राखाडी सफारी दिसली. घर बोरकर गुरुजींचं. गुरुजी फार म्हातारे झाले होते. लकवा मारून एक अंग गेलं होतं, आणि वाचाही गेली असं गावात सगळे म्हणत. ते आरामखुर्चीत होते. समोर जमिनीवर गजभिये सर बसले होते.

"गुरुजी, आज काय जेवले?" सरांनी विचारलं.

गुरुजींचा ओठ हलला. आवाज आला नाही. सर थांबले. शब्द पुरवला नाही, मान हलवून घाई केली नाही. नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. किती तरी वेळानं तोंडाच्या एका बाजूनं काहीतरी फुटलं. "भा... त."

"भात," सर म्हणाले. "संगं काय होतं?" आणि पुन्हा थांबले.

गुरुजींची सून दाराशी तांदूळ निवडत होती. मला बघून हळूच म्हणाली, "दर रविवारी येतेत हे, भंडाऱ्याहून. डॉक्टरनं सांगतलं होतं, मामाजीले बोलतं ठेवा म्हणून. पन आमाले टाइम कुठं राहते बाई. आमी इशाऱ्यानंच चालवतो."

सरांनी मला पाहिलं. ओशाळल्यासारखे हसले, जसं काही मी त्यांना नको ते करताना पकडलं होतं. मी ओसरीच्या कडेला टेकले आणि खालच्या आवाजात विचारलं, "सर, गुरुजी तुम्हाला ओळखतात?"

"नाही," सर म्हणाले. "त्यांना वाटतं, मी पेन्शन ऑफिसातला आहे."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगून पाहिलं. पण आठवणार काय त्यांना, टीचर? मी त्यांच्या वर्गात बोललोच कुठं होतो."

मग ते परत गुरुजींकडे वळले. गुरुजींचा ओठ हलायला लागला होता.